फणसाची चौसष्ट अक्षरं

आमच्या सोसायटीच्या सभावृत्तांताच्या वहीत एका पानावर चौसष्ट अक्षरांची एक ओळ आहे. इंग्रजी ए ते एफ आणि शून्य ते नऊ यांची नुसती भेळ. अक्षर बाबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. शाळेतल्या कित्त्यासारखं गोल आणि ठसठशीत. ओळीच्या वर त्यांनी लिहिलंय, 'फणसाबाबत'. पुढेमागे कुणी ती वही उघडली तर त्याला वाटेल, सेक्रेटरीच्या डोक्यावर परिणाम झाला होता. परिणाम झाला होता, पण तो माझ्या डोक्यावर, आणि तो अतिहुशारीचा होता.

आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो. चार मजले, बत्तीस बिऱ्हाडं, लिफ्ट नाही आणि आवारात फणसाचं एक झाड. झाडाचा एक नियम आहे. हंगामातल्या पहिल्या फणसाला बाबा सुंभाचा तुकडा बांधतात. तो फणस देवाचा. तो पिकेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. पिकला की आवारात चटई टाकायची, बाबांनी गाऱ्हाणं घालायचं, मग तो फोडायचा आणि घरोघर गरे वाटायचे. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उभं राहून मोठ्याने केलेली विनवणी. घालणारा एकेक वाक्य म्हणतो आणि जमलेले सगळे प्रत्येक वाक्याला 'होय म्हाराजा' म्हणतात. सुरुवात आम्ही कोकणातल्यांनी केली, पण आता अख्खी इमारत म्हणते. तळमजल्यावरचे कच्छी काका तर आमच्यापेक्षा सुरात म्हणतात. वाक्य काय आहे इकडे कुणाचं लक्ष नसतं. लक्ष असतं गऱ्यांकडे.

बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी काय काय केलं त्याची यादी मोठी आहे. सध्या वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी ते सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, कारण दुसरं कुणी होत नाही. अध्यक्ष आमच्या समोरच्या दारात राहतात. सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, नियमाला पक्के, आणि नियम नसेल तिथे करून घेणारे. त्यांच्या मनात दोन वर्षं एकच गोष्ट होती: आमच्या वॉचमन काकांना काढून चेंबूरच्या एका एजन्सीचे गणवेशातले पहारेकरी आणायचे. काका एकोणीस वर्षं आमच्या फाटकावर. यवतमाळकडून आलेले. पंपाच्या खोलीला लागून जिन्याखाली जी जागा आहे तीच त्यांची खोली. काम गेलं की खोलीही जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

तर यंदा मार्चअखेर, सुंभ बांधलेला पहिला फणस झाडावरून नाहीसा झाला. अजून कोवळा होता, भाजीच्या लायकीचा. मंगळवारी सकाळी होता, संध्याकाळी नुसता सुंभ लोंबत होता. अध्यक्षांनी झाडाखाली उभं राहून जाहीर केलं की दिवसाढवळ्या आवारातला फणस जातो याचा अर्थ वॉचमन एक तर चोर आहे किंवा झोपाळू, आणि दोन्हींना सोसायटीत जागा नाही. येत्या सर्वसाधारण सभेत कॅमेऱ्याचं चित्रण सगळ्यांसमोर बघायचं आणि तिथेच फैसला करायचा. काका कोपऱ्यात उभे राहून ऐकत होते. त्यांनी एवढंच म्हटलं की फणस मी नेला नाही जी. झोपेबद्दल ते काही बोलले नाहीत.

त्या रात्री मला राग आला होता तो अध्यक्षांचा, आणि जेवताना मी तो भरपूर व्यक्त केला. समोरच्या दारातून काकूंनी, म्हणजे अध्यक्षांच्या पत्नीने, वाटीभर भाजी पाठवली होती, तिच्यासोबत दोन भाकऱ्या जास्तच गेल्या. बाळंतपणाला आलेली त्यांची लेक घरात आहे म्हणून काकू हल्ली रोज काहीतरी करत असतात आणि मजल्यामजल्यावर वाटत असतात. नवऱ्याचा हिशेब बायकोच्या भाजीशी मांडू नये, एवढं मला कळतं.

चित्रण यंत्रातून बाहेर काढायचं काम माझ्याकडे आलं. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, घरून काम करते, त्यामुळे इमारतीत कुणाचा टीव्ही बिघडला तरी मलाच हाक मारतात. कॅमेऱ्याचं यंत्र आठवड्याने जुनं पुसून वर नवं लिहितं. म्हणून तिसऱ्या दिवशी मी मंगळवारची दुपारी बारा ते सहाची एकच एक फाइल हार्डडिस्कवर उतरवली. बावीस जीबी. अध्यक्ष माझ्या खुर्चीमागे उभे होते. म्हणाले, डिस्क सेक्रेटरीच्या कपाटात, सेक्रेटरीची मुलगी कॉम्प्युटरवाली, आणि सेक्रेटरीचा वॉचमनवर जीव. सभेपर्यंत यातलं काही कापलं जाणार नाही याची खात्री काय?

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण कुणी माझ्या धंद्यावर बोट ठेवलं की माझी जीभ माझ्या आधी उठते. मी त्यांना सांगितलं की खात्री आहे, आणि ती सेक्रेटरीच्या किंवा अध्यक्षांच्या शब्दापेक्षा मोठी आहे. तिला हॅश म्हणतात. फाइल कितीही मोठी असो, तिच्या पहिल्या ठिपक्यापासून शेवटच्यापर्यंत गणित करत गेलं की शेवटी चौसष्ट अक्षरांची एक खूण निघते. फाइलीतला एक ठिपका जरी बदलला तरी पुढच्या वेळी भलतीच खूण येते. आज खूण काढून वहीत लिहायची, सभेत सगळ्यांसमोर पुन्हा काढायची. जुळली तर फाइल तीच; नाही जुळली तर कुणीतरी हात लावला.

अध्यक्षांचे डोळे चमकले. त्यांना नियम मिळाला होता. त्यांनी लगेच त्याला पोटनियमही जोडला: दोन्ही वेळा खूण सोसायटीच्या ऑफिसातल्याच मशीनवर काढायची, माझ्या लॅपटॉपवर नाही. तेही वहीत लिहून घेतलं.

ऑफिसातलं मशीन म्हणजे एक प्रकरण आहे. चार जीबी मेमरी, आणि चालू केल्यावर दमेकऱ्यासारखा आवाज. मी घाईघाईत पाच ओळींचा प्रोग्राम लिहिला: फाइल उघड, वाच, खूण काढ. चालवला. माउस दोन मिनिटं चिकटत चिकटत फिरला आणि मग जागच्या जागी थिजला. पंखा किंचाळायला लागला. अध्यक्षांनी विचारलं, हे गणित चाललंय का? मी म्हटलं, हो. ते गणित नव्हतं. माझ्या प्रोग्रामने बावीस जीबीची फाइल आधी अख्खी मेमरीत ओढायला घेतली होती आणि चार जीबीच्या पोटात ती मावत नव्हती. शेवटी प्लग काढावा लागला. एवढ्या वर्षांच्या नोकरीनंतर, अध्यक्षांच्या देखत.

बाबा दारात उभे राहून बघत होते. त्यांना मशीनमधलं कळत नाही, पण माणूस फजीत झाल्याचं लगेच कळतं. मालवणीत म्हणाले, "आख्खो फणस तोंडात घालतंस काय गो? एकेक गरो खा."

मला जे सांगायला पंधरा मिनिटं लागली असती ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. चूक अगदी तीच होती. खूण काढायला पूर्ण फाइल एकदम लागतच नाही. एक तुकडा वाचायचा, त्याचं गणित आतापर्यंतच्या गणितात मिसळायचं, तुकडा टाकून द्यायचा, पुढचा घ्यायचा. लक्षात ठेवायचं असतं ते फक्त आतापर्यंतचं गणित, आणि ते मूठभर असतं; फाइल बावीस जीबीची असो की दोनशेची. मात्र तुकडे ओळीने घ्यायचे, एकही गाळायचा नाही. मी दुसरा प्रोग्राम लिहिला, एका वेळी एक एमबी वाचणारा. मशीन खोकलंसुद्धा नाही. मेमरीची रेघ सपाट, पंखा शांत, आणि तेरा-चौदा मिनिटांत चौसष्ट अक्षरं पडद्यावर. पहिला, तोंडात न मावणारा प्रोग्राम पुसायचा मी विसरले. तसे माझ्याकडे पुष्कळ पडून असतात.

बाबांनी वही उघडली. मी एकेक अक्षर वाचायचं, त्यांनी लिहायचं, मग त्यांनी वाचायचं आणि मी पडद्यावर बघायचं. अध्यक्षांनी खाली सही केली. मला इतका अभिमान वाटला की त्या फाइलीत नक्की काय आहे ते बघावं असं माझ्या मनातही आलं नाही. माझं असंच आहे. डब्याला कुलूप लावण्यात मी इतकी रमते की डब्यात काय ठेवलंय ते बघायचं राहून जातं. डिस्क कपाटात गेली, किल्ली बाबांच्या कडोसरीला. पुढचे तीन-चार दिवस बाबा जेवण झाल्यावर ऑफिसात जाऊन बसत होते. विचारलं की म्हणायचे, जुने कागद लावतोय.

सभा दहा दिवसांनी, रविवारी सकाळी, झाडाखाली. अध्यक्षांनी पडदा भाड्याने आणला होता. मी तासभर आधी ऑफिसात गेले, म्हटलं एकदा रंगीत तालीम करून घ्यावी. दुसरा प्रोग्राम चालवला आणि वही उघडून बसले. खूण आली. पहिलंच अक्षर वेगळं. मग दुसरं वेगळं. एकही अक्षर धड आपल्या जागी नव्हतं. मी पुन्हा चालवला. पुन्हा तीच चुकीची खूण. मग मी ते केलं जे आधीच करायला हवं होतं: फाइलीचा आकार बघितला. बावीस जीबीची फाइल आता वीसलाही पोचत नव्हती.

बाबा बाहेर खुर्च्या मांडत होते. मी त्यांना आत बोलावलं आणि दार लोटलं. विचारायची गरज पडली नाही. वही उघडी होती, पडदा समोर होता.

"तां मियाच कापलंय," ते म्हणाले. "चाळीस मिनटां."

त्यांना चित्रण कापायला मीच शिकवलं होतं. भजनी मंडळाचे व्हिडिओ गावाला पाठवताना सुरुवातीचं खोकणं आणि तबल्याची ठोकाठोकी काढायची असते म्हणून. माझ्याच विद्येने माझ्याच विद्येला आडवं पाडलं होतं. मला इतका संताप आला की मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. बाबांनी ऐकून घेतलं आणि मग सहा तासांच्या चित्रणात काय होतं ते सांगितलं. ते त्यांनी तीन दुपारी बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलं होतं. इमारतीत तेवढी सवड आणि तेवढी चिकाटी फक्त त्यांच्याकडे आहे.

दोन वाजून काही मिनिटांनी काका खुर्चीत झोपले होते. मान मागे, तोंड उघडं. रात्रीचा वॉचमन घर बांधायला महिन्याभरासाठी गावी गेला होता आणि तेव्हापासून काका दिवस-रात्र दोन्ही पाळ्या एकटे करत होते. बदली माणूस बघणं हे सेक्रेटरीचं काम होतं. बाबांनी ते आज करू, उद्या करू म्हणत राहू दिलं होतं.

मग सव्वादोनच्या सुमाराला जिन्यातून समोरच्या काकू आल्या. अध्यक्षांच्या पत्नी. हातात सुरी आणि जुना टॉवेल. फणस खोडाला हाताच्या उंचीवर होता. त्यांनी सुंभ बाजूला सारला, देठ कापला, फणस टॉवेलात गुंडाळला. जाताना काकांची खाली पडलेली काठी उचलून भिंतीला लावून ठेवली आणि दबक्या पावलांनी वर गेल्या. लेकीला फणसाच्या भाजीचे डोहाळे लागले होते. बाजारातल्या चिरलेल्या फणसाने तिचं भागलं नव्हतं. तिला झाडावरचाच हवा होता.

मी म्हटलं, म्हणजे त्या संध्याकाळी आलेली वाटी.

"तू दोनदा मागून घेतलंस," बाबा म्हणाले.

चोरीचा माल मी खाल्ला होता. बाबांनी खाल्ला होता. अध्यक्षांनी तर चोरीची घोषणा करून वर जाऊन पोटभर खाल्ला असणार. मजल्यामजल्यावर वाट्या गेल्या होत्या. अख्खा फणस इमारतीने एकेक वाटी करून संपवला होता आणि बाजारातलाच समजल्यामुळे कुणाला पत्ता लागला नव्हता. मला हसू यायला लागलं, आणि रागात हसू आलं की माझा रागच जातो, त्यामुळे मी ते दाबलं.

बाबांना विचारलं, चित्रण दाखवलं असतं तर काका चोर नाहीत हे सिद्ध झालं असतं. का कापलंत? ते म्हणाले, चोर नाही हे सिद्ध झालं असतं आणि झोपला होता हेही. अध्यक्षांना दोन्हीपैकी एक पुरेसं होतं. शिवाय पोटुशी बाईच्या आईला बत्तीस घरांसमोर पडद्यावर चोर ठरवायची, ती भाजी खाऊन? मग खुर्चीचा हात पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू खरा काय तां सांग. मी नाय म्हणूचंय नाय. सेक्रेटरीपद सोडतंय."

बाहेर लोक जमायला लागले होते. मला बाबांचा राग होता, त्यांची काळजी होती, आणि सगळ्यात जास्त लाज वाटत होती ती त्या वहीतल्या ओळीची. मी खूण काढली नसती तर चाळीस मिनिटं गेलेली कुणाला कळलीही नसती. माझ्या हुशारीने त्या एका जिन्याखालच्या खोलीवर कुऱ्हाड आणून ठेवली होती. दाराच्या फटीतून मला काका दिसत होते. इस्त्रीचा शर्ट घालून झाडापासून लांब उभे होते.

सभा सुरू झाली. अध्यक्षांनी प्रास्ताविक केलं, त्यात शिस्त हा शब्द बऱ्याचदा आला. मग त्यांनी वहीतली चौसष्ट अक्षरं माईकवरून मोठ्याने वाचून दाखवली. सगळी. "बी, सात, सात, ई, शून्य..." मागच्या रांगेत कुणीतरी हाउसी म्हणून हळूच ओरडलं. ऑफिसचं दार उघडं ठेवून मशीनचा पडदा सगळ्यांना दिसेल असा वळवला होता. अध्यक्ष म्हणाले, चल, काढ खूण.

माझ्यासमोर दोन प्रोग्राम होते. एक शहाणा, एकेक गरा खाणारा. त्याने दहा-बारा मिनिटांत खरं सांगितलं असतं. दुसरा अधाशी. त्याला मी पुसायला विसरले होते.

मी अधाशाला बोलावलं.

त्याने आपलं काम चोख केलं. अख्खी फाइल तोंडात घेतली. माउस अडखळला, मग थिजला. पंखा असा किंचाळायला लागला की आवारातली मांजर उठून निघून गेली. मी गंभीर चेहरा करून पडद्याकडे बघत बसले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. अध्यक्षांनी विचारलं, हे गणित चाललंय का? मी म्हटलं, हो, फाइल मोठी आहे. वीस मिनिटांनी त्यांचा धीर सुटला. म्हणाले, तुझा लॅपटॉप आण. मी म्हटलं, आणते, पण वहीत तुम्हीच लिहून घेतलंय की याच मशीनवर काढायची. नियम मोडायचा का? नियम हा शब्द ऐकून ते खाली बसले. शेवटी प्लग काढला, पुन्हा लावला. मशीनने उठता उठता जाहीर केलं की ते आता आपली डिस्क तपासणार आहे, आणि त्याची टक्केवारी शून्यावरच बसून राहिली.

ऊन वर आलं होतं. वड्यांचं पातेलं येऊन टेबलावर बसलं होतं आणि सभा संपल्याशिवाय झाकण उघडायचं नाही हाही अध्यक्षांचाच नियम होता. दुसऱ्या मजल्यावरच्या मालवणच्या आजी उठल्या आणि म्हणाल्या की मशीन बंद पडणारच. देवाचं पहिलं फळ गेलं, कुणी क्षमा मागितली नाही, गाऱ्हाणं घातलं नाही. आधी ते घाला, मग काय ती गणितं करा. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं, टक्केवारी बघितली, आणि हाताने, उरका, अशी खूण केली.

बाबा उठले. चपला काढल्या, झाडासमोर उभे राहिले, हात जोडले. त्यांनी माझ्याकडे एकदाच बघितलं. मी कुठला प्रोग्राम लावलाय ते त्यांना कळलं होतं. पंख्याचा तो आवाज त्यांनी आधी एकदा ऐकला होता.

"बा देवा म्हाराजा," त्यांनी सुरुवात केली.

"होय म्हाराजा," सगळी इमारत म्हणाली.

"ह्या वर्षाचा तुझा पयला फळ तुझ्या पायार येवक नाय, म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"जेच्या जेच्या पोटात तां गेला असात, तेका तां पचू दी, म्हाराजा."

"होय म्हाराजा." काकू पदर सारखा करत म्हणाल्या. मी म्हणाले. अध्यक्ष तर नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या वरच्या पट्टीत म्हणाले.

"कोणाक काम करून करून दिवसाढवळ्या झोप इली असात, तर ती चूक तेची नाय, काम लावणाऱ्याची, ती पोटात घाल, म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"एकोणीस वर्सां ज्या माणसान तुझा फाटक राखल्यान, तेचो आसरो तुझ्या झाडाखालीच ऱ्हवान दी, म्हाराजा."

"होय म्हाराजा."

त्या शेवटच्या होकाराच्या मध्यावर अध्यक्षांना आपण काय म्हणतोय ते समजलं. पण 'होय' निघून गेलं होतं आणि 'म्हाराजा' अर्ध्यावर सोडता येत नाही.

बाबा चपला घालून परत आले आणि खुर्चीत बसले. आजी म्हणाल्या, झालं, आता देवासमोर सगळ्यांनी शब्द दिलाय, मत कशाला घ्यायचं. अध्यक्ष म्हणाले, ही काय सभा आहे की जत्रा. तेव्हा पहिल्यांदाच त्यांच्या पत्नी सभेत उभ्या राहिल्या. "काकांना ठेवा," त्या म्हणाल्या. "फणसाचा विषय मला पुन्हा घरात नकोय." त्यांच्या आवाजात असं काही होतं की अध्यक्षांनी बायकोकडे बघितलं आणि बराच वेळ बघतच राहिले. त्या संध्याकाळची भाजी त्यांना आठवली असावी असा माझा अंदाज आहे. त्याला पुरावा नाही.

ठराव बाबांनी तिथेच लिहिला: वॉचमन कायम, एजन्सीचा विषय बंद. सूचक आजी, अनुमोदक अध्यक्षांच्या पत्नी, मंजुरी एकमताने. अध्यक्षांनी सही केली आणि वड्यांचं झाकण उघडलं. मशीनची टक्केवारी तेव्हा दोनवर पोचली होती. कुणी तिच्याकडे बघितलं नाही.

वडे खाताना काका माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, "ताई, त्यात मी झोपलेलो दिसत होतो ना?" मला खोटं बोलता आलं नाही. मी मान हलवली. ते म्हणाले की पेटी काल रात्रीच बांधून ठेवली होती, सभेत कुणी विचारलं असतं तर स्वतःच सांगून मोकळा होणार होतो. एकोणीस वर्षांचं सामान एका पेटीत मावलं, म्हणाले, याचंच जास्त नवल वाटलं. मग वडा घेऊन फाटकावर गेले.

मी बाबांवर आठवडाभर धुसफुसत होते. वहीतली ओळ खोडू का, असं त्यांनी एकदा विचारलं. मी म्हटलं, सभावृत्तांत खोडता येत नाही, नियम आहे. त्या चौसष्ट अक्षरांशी जुळणारी फाइल आता जगात कुठेच नाही. कापलेला तुकडा बाबांनी ठेवला असता आणि पुन्हा जोडला असता तरी ती खूण परत आली नसती. ओळ मात्र राहणार.

सोमवारपासून बाबा दुपारी दोन ते चार फाटकावर बसायला लागले. रात्रीचा वॉचमन परत येईपर्यंत काकांनी त्या दोन तासांत खोलीत जाऊन पडायचं, असं त्यांनी परस्पर ठरवलं होतं. ठराव वगैरे काही केला नाही. पुढच्या आठवड्यात अध्यक्षांनी मला बोलावून सांगितलं की कॅमेरा नीट चालतो का ते एकदा तपास. मी तपासायला म्हणून कालची दुपार उघडली. काकांची खुर्ची, तेच झाड, अडीचची वेळ. खुर्चीत बाबा झोपलेले. मान मागे, तोंड उघडं, काठी खाली पडलेली. काका खोलीतून येतात, बघतात, काठी उचलून भिंतीला लावतात. हाक मारत नाहीत. बाबांच्या तोंडावर ऊन आलेलं असतं, तर ते स्वतः उन्हाच्या बाजूला उभे राहतात आणि तसेच राहतात, पुढचा अर्धा तास, बाबा जागे होईपर्यंत.

ती फाइल मी उतरवून घेतली. शहाणा प्रोग्राम लावला, एकेक तुकडा, ओळीने, एकही न गाळता. चौसष्ट अक्षरं आली. वहीच्या अगदी शेवटच्या पानावर ती मी माझ्या हाताने लिहून ठेवली आहेत, शीर्षकाशिवाय. त्या फाइलीतला एक सेकंदही कुणी कापायचा नाही.